एक तास पोरीचा



आज मी फुटबॉलवर बोलणार आहे असं आमच्या गटात सांगितलं, तर दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "ताई, लोणच्यावर बोला, पापडावर बोला. फुटबॉलमधलं आपल्याला काय कळणार?" तिचंही खरंच आहे. दोन वर्षांपूर्वी मलाही एवढंच ठाऊक होतं की एक चेंडू असतो आणि बावीस जण त्याच्यामागे पळतात. पण धाकट्या मुलीमुळे मला थोडं शिकावं लागलं. शिकता शिकता माझीच एक चूक माझ्या लक्षात आली. ती चूक तुमच्याही घरात होत असेल, म्हणून आज बोलते आहे.

आमचं गाव भिवंडी तालुक्यात, पडघ्याच्या बाजूला. पूर्वी सगळीकडे भातशेती होती, आता रस्त्याच्या कडेला गोडाऊनच गोडाऊन. माझी धाकटी आठवीत होती तेव्हा शाळेतल्या खेळाच्या सरांनी मुलींनाही फुटबॉल शिकवायला सुरुवात केली. सरांनी तिला एक जुना चेंडू घरी न्यायला दिला. झालं! रोज संध्याकाळी आमच्या मागच्या भिंतीवर धप्प, धप्प, धप्प. सासूबाई वैतागायच्या. म्हणायच्या, "पोरीची जात, ढोपरं फोडून घेतलीस तर कोन करील तुला?" मी हसून सोडून द्यायचे.

पुढे तिला पाळी सुरू झाली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं, आता पुरे. संध्याकाळी पाच वाजले की मी तिला हाक मारायचे. कधी पाणी भर, कधी भांडी घास, कधी पीठ मळ. तिचा मोठा भाऊ त्याच वेळी क्रिकेट खेळायला जायचा आणि मी त्याला कधी थांबवलं नाही. पोरगी भांडली नाही, रडली नाही. एक दिवस बघते तर चेंडू तिने शेजारच्या मुलाला देऊन टाकला होता.

महिनाभराने एकदा ती मोरीत भांडी घासत बसली होती. मी मागून आले. हात भांड्यांवर चालले होते आणि पायाखाली एक नारळ होता. डाव्या पायाच्या तळव्याने ती तो नारळ पुढे-मागे, पुढे-मागे फिरवत होती. तिचं तिलाही भान नव्हतं. मी तशीच मागे फिरले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि सरांना विचारलं, "हे खेळून पोरीचं पुढे होतं काय?" सरांनी मला दोन बायकांची गोष्ट सांगितली. मुलीने मग मोबाइलवर त्यांचे फोटो दाखवले. त्याच गोष्टी तुम्हाला सांगते.

पहिली अदिती चौहान. ही गोलरक्षक, म्हणजे गोलात उभी राहून चेंडू अडवणारी. दिल्लीत शिकताना ती आधी बास्केटबॉल खेळायची. तिच्या प्रशिक्षकांनी तिला फुटबॉलच्या गोलरक्षणाची चाचणी द्यायला सांगितलं आणि पंधराव्या वर्षी ती दिल्लीच्या १९ वर्षांखालच्या संघात आली. पुढे भारताकडून खेळली. मग शिकायला इंग्लंडला गेली, लफबरो विद्यापीठात. तिथे असतानाच २०१५ साली वेस्ट हॅम या लंडनच्या क्लबच्या महिला संघाने तिला घेतलं. इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि तिच्या पहिल्या सामन्यात काय झालं असेल? तिचा संघ ५-० असा हरला.

मैत्रिणींनो, जरा विचार करा. परका देश, परकी हवा. सगळ्यांचं लक्ष तुमच्यावर, कारण भारतातून कुणी बाई इथे खेळायला आलेली यांनी पाहिलेली नाही. आणि पहिल्याच दिवशी पाच वेळा चेंडू तुमच्या मागच्या जाळीत. पुढे पळणाऱ्या खेळाडूची चूक झाली तर ती झाकून जाते. गोलरक्षकाची चूक सगळं गाव बघतं. तरी पुढच्या सरावाला जायचं असतंच. ती गेली, खेळत राहिली. परत आल्यावर गोकुलम केरळ संघाबरोबर तिने देशातली महिलांची लीगही जिंकली. गुडघ्याची मोठी दुखापत झाली, त्यातून उठून पुन्हा उभी राहिली. सतरा वर्षं खेळून जुलै २०२५ मध्ये तिने निवृत्ती घेतली. आता मुलींना शिकवण्याचं काम करते, त्यासाठी तिने अकादमीही काढली आहे.

दुसरी बाला देवी. ही मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातली, आपल्यासारखीच खेड्यातली. लहानपणी मुलांबरोबर खेळून शिकली. मोठी झाल्यावर मणिपूर पोलिसांत नोकरी आणि भारतासाठी गोलांवर गोल. जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स या मोठ्या क्लबने तिच्याशी दीड वर्षाचा करार केला. दहा नंबरचा शर्ट दिला. तेव्हा ती तीस वर्षांची होत होती. आपल्याकडे तिशीच्या बाईला म्हणतात, आता काय राहिलंय!

ती तिकडे पोचली आणि दोन महिन्यांत करोना आला. खेळ बंद. घरापासून हजारो मैल दूर, थंडीच्या मुलखात एकटी. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हाही तिला लगेच गोल मिळाला नाही. तो मिळाला डिसेंबर २०२० मध्ये, मदरवेल संघाविरुद्ध. राखीव खेळाडू म्हणून ती नंतर मैदानात उतरली होती. युरोपातल्या वरच्या लीगमध्ये गोल करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव लागलं. करार आणि गोल यांच्यामध्ये दहा महिन्यांहून जास्त काळ गेला. त्या दहा महिन्यांत टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. होता तो रोजचा सराव.

मला ही गोष्ट ऐकताना आपलं सासरी येणं आठवलं. माहेरी तुम्ही कितीही हुशार असा, सासरी पहिल्या दिवशी तुमची भाकरी तपासलीच जाते. परदेशी खेळायला जाणंही तसंच असावं. फरक एवढाच की त्यांच्या हातात परतीचं तिकीट असतं! आपल्या गावात तुम्ही स्टार असाल, तिकडे तुम्ही नव्या. भाषा अर्धीमुर्धी, जेवण वेगळं, हवा वेगळी. तोंडाने स्वतःबद्दल सांगता येत नाही. चेंडू पायाशी आला की तो तुम्ही कसा थांबवता, तेवढ्यावरून समोरचे ओळखतात. म्हणून जी गोष्ट अंगात पूर्ण मुरलेली आहे तीच परक्या मुलखात कामाला येते.

मुरणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. माझं माहेर भिवंडी शहरातलं, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली मी. लग्नाआधी मी कांड्या भरायचं काम करायचे. सुरुवातीला धागा तुटला की गाठ मारताना मला घाम फुटायचा. वर्षभराने असं झालं की मी शेजारणीशी बोलत असायचे आणि बोटं आपली आपण गाठ मारायची. डोळे मोकळे झाले, कारण बोटं शिकली होती. सर म्हणाले, "ताई, फुटबॉलमध्ये हेच पाहिजे. पाय इतके शिकले पाहिजेत की डोळे वर राहतील. खाली बघत पळणाऱ्या मुलीला बाजूची मैत्रीण दिसत नाही."

मग सरांनी मला सरावाचे चार प्रकार समजावले. तुमच्या घरी मुलगी असेल, मुलगा असेल, त्यांच्यासाठी लक्षात ठेवा. याला लागतो एक चेंडू, एक भिंत आणि चार दगड. मोठ्या माणसांचा चेंडू पाच नंबरचा असतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा घ्यावा, त्याहून लहानांना तीन नंबरचा. दुकानात नंबर विचारून घ्या, नाहीतर जड चेंडूने पाय दुखतो आणि पोर कंटाळतं.

पहिला प्रकार, भिंतीचा. भिंतीपासून पाच पावलांवर उभं राहायचं. पायाच्या आतल्या कडेने चेंडू भिंतीवर मारायचा. दुसरा पाय चेंडूच्या शेजारी टेकलेला, घोटा ताठ. परत आलेला चेंडू थांबवायचा आणि पुन्हा मारायचा. पन्नास वेळा उजव्या पायाने, पन्नास वेळा डाव्या. जो पाय कच्चा आहे त्याला दहा जास्त. आपण उलटं करतो, जे येतं तेच पुन्हा पुन्हा करतो, कारण त्यात बरं वाटतं. सराव कच्च्या पायाचा करायचा असतो.

दुसरा प्रकार, चेंडू थांबवण्याचा. कुणी अंडं फेकलं तर आपण हात जरा मागे घेत झेलतो ना, म्हणजे ते फुटत नाही? पायानेही तसंच. चेंडू लागताना पाय किंचित मागे घ्यायचा. मग चेंडू उसळून लांब जात नाही, पायाशीच राहतो.

तिसरा प्रकार, चार दगडांचा. दोन-दोन पावलांवर दगड मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी चेंडू न्यायचा. आधी सावकाश. दगडाला न लागता पाच वेळा जमलं की वेग वाढवायचा.

गोलरक्षण करणाऱ्या मुलीसाठी चौथा प्रकार. छातीच्या उंचीवर येणारा चेंडू झेलताना दोन्ही अंगठे जवळ आणि तळवे चेंडूच्या मागे, म्हणजे चेंडू हातांच्या फटीतून निसटत नाही. झेलला की छातीशी धरायचा, आपण तान्ह्या बाळाला धरतो तसा. झेप घेणं फार नंतर. आधी पावलं चेंडूच्या रेषेत नेणं.

आणि एक सांगते. मुलींना गुडघ्याच्या आतल्या दोरीची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. अदितीला ती भोगावी लागली, बालालाही गुडघ्याने दगा दिला. म्हणून एकदम पळायला सुटायचं नाही. आधी दहा मिनिटं हळूहळू धावून अंग गरम करायचं. उडी मारून खाली येताना गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर यायचं. गुडघा आत वळू द्यायचा नाही. पोटात काहीतरी असू द्या, गूळ-शेंगदाणे, नाचणीची भाकरी. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती पोरी लपून फेकून देतात. तेवढं बघा. पाळीत खेळलं तर काही बिघडत नाही. खूप दुखत असेल त्या दिवशी बसावं, बरं वाटत असेल तर खेळावं. तिचं तिला कळतं.

आता माझी चूक. मी सरांना म्हटलं, "सराव कळला. पण वेळ कुठून आणायची?" सर काही बोलले नाहीत. घरी येताना मीच हिशेब घातला. पोरीच्या दिवसातला तो एक तास मीच काढून घेतला होता. कुणी खलनायक नव्हता. बापाने नाही म्हटलं नव्हतं, सासूबाई नुसत्या बोलायच्या. हंडा मात्र मी तिच्या हातात दिला होता. आणि देताना वाटत होतं की मी तिला वळण लावते आहे.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाल्यावर मी हे सगळ्यांपुढे बोलले. आधी शांतता. मग एकीने सांगितलं, तिची मुलगी कबड्डी खेळायची, तिचंही असंच सुटलं. दुसरी म्हणाली, "मी स्वतः शाळेत लांब उडीत पहिली यायचे. घरात कुणाला ठाऊक नाही." ती बाई नव्या सुनेसारखी लाजली हे सांगताना. आम्ही बोटांवर मोजलं. आमच्या तेरा जणींच्या घरांत शाळेत जाणाऱ्या नऊ मुली. संध्याकाळी पाच ते सहा एकीलाही मोकळीक नव्हती. मुलगे सगळे मैदानात.

असं आपल्याकडेच आहे असं नाही, आणि यातून वाट काढणाऱ्याही आपल्याच आसपास आहेत. आपल्या ठाणे जिल्ह्यातच मुंब्र्याला परचम संस्थेबरोबर मुली फुटबॉल खेळतात. मुलींना मैदान पाहिजे म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या. कुणी डोक्याला रुमाल बांधून खेळतं, कुणी बिनरुमालाचं. डोकं झाकून खेळायला फिफाने २०१४ पासून अधिकृत परवानगी दिलेली आहे, तेव्हा ती अडचण कुणी सांगू नये. २०२२ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, म्हणजे आपल्यापासून काही फार लांब नाही, आशियाई महिला स्पर्धेत भारत आणि इराणचा सामना झाला. इराणच्या मुली डोकं झाकून खेळल्या आणि त्यांनी भारताला ०-० असं रोखून धरलं. त्यानंतर तीन दिवसांनी आपल्या संघात इतक्या जणींना करोना झाला की पुढच्या सामन्याला संघच उभा राहिला नाही. आपल्याच घरची स्पर्धा आणि बाहेर पडावं लागलं. वर्षानुवर्षं सराव करूनही असं होतं. तरी त्या पोरी पुन्हा मैदानात गेल्या.

तिकडे कोल्हापूरकडे तर तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामन्याला जत्रेसारखी गर्दी लोटते. त्याच जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात बेकनाळ नावाचं गाव आहे. तिथली अंजू तुरंबेकर फुटबॉलची प्रशिक्षक झाली. आशियाई महासंघाचा 'ए' परवाना तिने मिळवला, देशभर लहान मुलांना फुटबॉल शिकवण्याच्या कामात राहिली. म्हणजे खेळून फक्त परदेशी जायचं असं नाही. शिकवणं आहे, पंच होणं आहे, पोलिसांत नोकरी आहे. आणि यातलं काहीच झालं नाही तरी पोरीला आपलं अंग आपलं वाटतं, ते काय थोडं आहे?

आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण संध्याकाळी रिकामं असतं. मुख्याध्यापक बाईंना भेटून आठवड्यातले पाच दिवस, पाच ते सहा, मागून घेतलं. गटाच्या पैशातून दोन चेंडू आणले. रोज आमच्यातली एक बाई पाळीपाळीने तिथे बसते. तिने नुसतं बसायचं, म्हणजे पोरींना कुणी काही बोलत नाही. येताना आपलं काम आणायचं, भाजी निवडा, गोधडी शिवा. नऊपैकी सहा मुली येतात. दोघींच्या घरी अजून नाही म्हणतात, एक आपण होऊन सोडून गेली. आमचे मोठे दीर अजून मला "काय, कोच बाई" म्हणून चिडवतात. म्हणू देत.

बूट कुणाकडेच नाहीत. सर म्हणाले, चालेल. १९३६ साली कलकत्त्याचा मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून खेळला होता. उघड्या पायांना पट्ट्या गुंडाळून त्याने बूटवाल्यांमध्ये दोन सामने खेळले. मग घरची आठवण येऊन परत आला. आमच्या पोरींना ही गोष्ट फार आवडते. पण पटांगण रोज त्याच झाडून घेतात, काच-खिळे निवडून काढतात.

मला त्या खेळातलं अजून फारसं कळत नाही. एक काम मात्र सरांनी मला दिलं आहे आणि ते तुम्हालाही जमेल. माझ्या पाळीच्या दिवशी मी पायरीवर मेथी निवडत बसते. पोरगी दगडांमधून चेंडू नेत माझ्याकडे येते. मी मधूनच हात वर करते, कधी दोन बोटं, कधी चार. तिने खाली न बघता ओरडून सांगायचं, किती बोटं. सुरुवातीला ती चेंडू तरी सोडायची नाहीतर बोटं तरी चुकायची. आता दहातली आठ बरोबर येतात.

परवा तिने धावता धावता ओरडून सांगितलं, "तीन! आणि आई, तुझ्या हाताला काडी चिकटलीय." मी बघितलं तर खरंच होती.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी पाच वाजता तुमची मुलगी कुठे असते ते एकदा बघा. तिच्या हातात काय आहे ते बघा. आणि पुढच्या बैठकीत तेवढं एकच बोला.